येऊ द्या, येऊ द्या, बास

ट्रॅक्टर मागे घ्यायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की मराठीत 'येऊ द्या' आणि 'बास' या दोहोंच्या मध्ये काहीच नाही. एसटी स्टँडवर गाडी मागे लावताना कंडक्टर पत्र्यावर थापा मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत राहतो आणि मग एकदम 'बास' म्हणतो. तेवढ्यात गाडी फूटभर इकडे-तिकडे झाली तरी कुणाचं काही अडत नाही. लग्नाच्या टेम्पोपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळी वाहनं आपल्याकडे याच भांडवलावर मागे आलेली आहेत. मला मात्र जिथे यायचं होतं तिथे फूट चालणार नव्हता, अर्धा इंचही चालणार नव्हता. आणि अर्धा इंच ओरडून सांगायला आपल्याकडे शब्द नाही.

मी ३५ वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर सासवडजवळच्या वडिलोपार्जित ३ एकरांत येऊन राहिलो. गावात मला 'पेपरवाले' म्हणतात. मी कधीच पेपरात नव्हतो; पण मुद्रितशोधक म्हणजे काय हे दोनदा समजावून सांगितलं आणि तिसऱ्या वेळी नाद सोडला. जमिनीत निम्मे अंजीर, थोडी सीताफळं, उरलेलं रान. दोन ओळींच्या मधून जाईल असा २० हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. गावातले मोठे ट्रॅक्टर त्याच्या शेजारी उभे राहिले, की तो त्यांच्याबरोबर यात्रेला आल्यासारखा दिसतो.

पाऊस लागला की अंजिरांच्या ओळींमध्ये गवत कमरेला लागतं. खुरपायला माणूस मिळत नाही, आणि मिळालं तर ते आपल्या सवडीनं येतं. रोटाव्हेटर फिरवावा तर अंजिराची मुळं वरच्या थरातच पसरलेली. पाती फिरली की ती आधी तुटतात. (रोटाव्हेटर ही ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्डची करणी, १९१२ साली त्यानं बापाच्या शेतावर पहिले प्रयोग केले. यंत्राचं इंग्रजी नाव उलटीकडून वाचलं तरी तेच राहतं, हे मला छापखान्यातल्या सवयीनं दिसलं. शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण दिसलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तेव्हा जमीन न हलवता गवत वरच्या वर कापायचं आणि तिथेच पसरू द्यायचं, असं ठरलं. म्हणजे आच्छादनही झालं. त्यासाठी ४ फुटी रोटरी कटर आणला. दुकानदार त्याला स्लॅशर म्हणतो, पावतीवर ग्रास कटर असं आहे आणि शेजारचे तात्या त्याला 'उलटा पंखा' म्हणतात. तात्यांचं नाव सर्वांत बरोबर आहे. वर जाड पत्र्याचं झाकण, त्यावर गिअरबॉक्स आणि खाली पोटाशी पंखा.

टेम्पोवाल्यानं ते २०० किलोच्या आसपासचं धूड चौघांच्या मदतीनं बांधावर उतरवलं आणि तो निघून गेला. ते जिथे उतरलं तिथेच राहिलं. हे वाक्य साधं दिसतं, पण पुढच्या दोन दिवसांची सगळी कथा त्यात आहे.

बरोबर एक मराठी माहितीपुस्तिका होती. ती वाचायला घेतली आणि तासाभरात तांबडं पेन शोधू लागलो. टॉप लिंकला 'शिखर दुवा' म्हटलं होतं, ते एक वेळ चाललं असतं. ट्रॅक्टरच्या मागून फिरणारा जो दांडा बाहेर येतो, ज्याला अख्खा महाराष्ट्र पीटीओ म्हणतो, त्याचं नाव 'शक्ती उड्डाण दांडा' असं होतं. मूळ शब्दातल्या टेकऑफचं कुणीतरी विमान केलं होतं. एका पानावर सूचना होती, 'उड्डाण चालू असताना खाली वाकू नये.' ही सूचना योग्य आहे, पण वाचणारा वर आकाशाकडे बघण्याची शक्यता जास्त. मी ४८ पानांत १३६ दुरुस्त्या केल्या. कटर जोडण्याच्या कामात त्या दिवशी तेवढीच प्रगती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरवर आणि ही मागे. ट्रॅक्टरच्या पाठीमागे दोन हात खाली असतात, त्यांना लोअर लिंक म्हणायचं. त्यांच्या टोकांना भोकाचे बॉल. ही दोन भोकं कटरच्या दोन पिनांवर चढवायची, वरचा तिसरा हात कटरच्या शेंड्याला अडकवायचा, की झालं. कागदावर तीन रेघा आहेत. मी मागे येऊ लागलो. ही म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास. अहो बास! गेलं."

पुढे घेतला. पुन्हा मागे. डावं भोक पिनेसमोर आलं, तर उजवं चार बोटं लांब. उजवं जुळवलं, तर डावं पिनेच्या खाली. "डावीकडे घ्या," ही म्हणाली. मान मागे वळवून बसलेल्या माणसाची डावी कोणती यावर आमचा थोडा विचारविनिमय झाला. पुस्तिकेप्रमाणे ट्रॅक्टरची डावी म्हणजे पुढे तोंड करून बसलेल्या चालकाची डावी. हिनं विचारलं, "पुढे तोंड करून मागे कसं जाणार तुम्ही?" पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

अकराव्या खेपेला दोन्ही बाजू अर्ध्या इंचावर आल्या. मी उतरलो आणि २०० किलोंना हातानं ढकलून पाहिलं. नंतर खांद्यानं. मग पाठ लावून, बसून, दोन्ही पायांनी. वेलांटी पहिली की दुसरी एवढ्यावर ज्यानं आयुष्य काढलं त्याला अर्ध्या इंचाचं महत्त्व नव्यानं कळायला नको होतं. पण तिथे पेनानं काम भागत असे.

दमून बांधावर बसलो आणि तीन हातांकडे बघत राहिलो. ही रचना हॅरी फर्ग्युसनची. उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. आयर्लंडात पहिल्यांदा विमान उडवलं तेही यानंच, १९०९ साली. तेव्हा 'शक्ती उड्डाण' अगदीच निराधार म्हणता येणार नाही. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरला साखळीनं ओढायला लावत. नांगर एखाद्या खडकात अडकला की मागची चाकं फिरत राहायची, ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जायचं आणि तो चालकावर उलटायचा. फर्ग्युसननं हायड्रॉलिकवर उचलणारी जोडणी काढली आणि १९२६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अवजार आता ट्रॅक्टरचाच अवयव झालं; त्याची ओढ ट्रॅक्टरचं नाक वर उचलण्याऐवजी खाली दाबून धरू लागली. १९३८ मध्ये त्यानं हेन्री फोर्डशी करार केला, तोही नुसता हातात हात देऊन. कागद नाही, सही नाही. फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार आल्यावर तो मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. जगभरच्या ट्रॅक्टरांना अवजार घट्ट बांधून ठेवणारी ही जोडणी अशा अघळपघळ बोलीवर उभी होती. लिहून ठेवायला काय झालं होतं, असं मला सारखं वाटत राहिलं. मी तपासूनही दिलं असतं.

तात्या आले ते हे सगळं होऊन गेल्यावर. वय ७५च्या पुढे, डोक्याला पागोटं नाही पण खांद्यावर उपरणं असतंच. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, कटर पाहिला, मातीत उमटलेल्या माझ्या बुटांच्या टाचा पाहिल्या.

"कवाधरनं चाललंय?"

"आठपासून."

"बैल जुपलंत का कधी, पेपरवाले?"

नव्हते जुंपले. लहानपणी सुट्टीत आलो की आजोबांचं पाहिलं होतं. जू उचलून धरलं, जिभेनं टॉक केलं, की बैल आपण होऊन मान खाली घालून जुवाखाली यायचा. शिवळ घातली, जोतं बांधलं, झालं. गड्यानं जू दोन बोटं चुकीचं धरलं तर बैल दोन बोटं सरकायचा. आम्हां मुलांना त्यात बघण्यासारखं काही वाटत नसे.

"बैल आर्धं पाऊल सवताहून देतो," तात्या म्हणाले. "ह्ये लोखान न्हाई देत. त्ये आपुनच द्यायचं."

मग त्यांनी खिशातलं सगळं सामान बांधावर मांडलं: दोन खिळे, सुतळी, चुन्याची डबी, वायरचा तुकडा, दोन-तीन पिना, विड्यांचं बंडल. उपरणंही काढून अंजिराच्या फांदीवर टाकलं. विहिरीवरून पाइपाचे तीन तुकडे आणायला लावले. पहारीनं कटरची एक बाजू उचलली, खाली फळी सारली आणि फळीखाली पाइप. २०० किलोंचं ते धूड एका बोटानं सरकू लागलं. पिरॅमिड असेच बांधले असतील, असं मी म्हणणार होतो. पण तात्या तोवर पिनेपाशी वाकले होते.

"ह्ये काय जायाचं न्हाई."

कटरच्या पिना होत्या २८ मिलिमीटरच्या, मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाच्या. माझ्या छोट्याच्या बॉलचं भोक २२चं. बारीक पीन मोठ्या भोकात असती, तर मधे बुश घालून भागलं असतं. जाड पीन बारीक भोकात कोणत्याच युक्तीनं जात नाही. म्हणजे अर्ध्या इंचासाठी मी सकाळपासून जो घाम गाळला, तो जुळलं असतं तरी वायाच गेला असता. हिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. पुस्तिकेच्या ३१व्या पानावर पिनांची मापं दिलेली होती. त्या पानावर मी दोन ऱ्हस्वदीर्घ आणि एक अनुस्वार दुरुस्त केला होता. मापं तपासली नव्हती.

सासवडला जाऊन पिना बदलून आणल्या. दुकानातल्या पोरानं विचारलं, "नंबर एकच्या का दोनच्या?" छोट्या ट्रॅक्टरची जोडणी नंबर एकची, मोठ्याची दोनची. एवढ्या एका प्रश्नावर माझा दिवस वाचला असता.

दुपारनंतरचं काम मात्र सुंदर झालं. आधी डावा हात, कारण तो ठाम असतो, त्याला हलवता येत नाही. मग उजवा, त्याच्या दांड्याला हँडल असतं, ते फिरवलं की तो वरखाली होतो. पहिल्याला पटवायचं नाही आणि दुसऱ्याला जुळवून घ्यायला लावायचं, ही व्यवस्था पाहून ही गालात हसली. का ते मी विचारलं नाही. शेवटी टॉप लिंक. तिच्या दोन्ही टोकांना विरुद्ध दिशेचे आटे असतात. मधला नळा एका बाजूला फिरवला की लांब, दुसऱ्या बाजूला की आखूड. ती एवढी फिरवायची, की कटरचा पुढचा काठ मागच्यापेक्षा इंचभर खाली राहील. म्हणजे पात्याखाली आलेलं गवत एकदा कापलं की सुटतं, पुन्हा पुन्हा तेच पीठ दळत बसत नाही. मग बाजूच्या साखळ्या आवळायच्या, नाहीतर वळणावर कटर टायरला जाऊन लागतो. प्रत्येक पिनेला लॉक पीन. करंगळीएवढी वस्तू, पण ती नसली तर वरचा सगळा इतिहास रस्त्यात सुटून पडतो.

राहिला शाफ्ट. ट्रॅक्टरच्या पीटीओपासून कटरच्या गिअरबॉक्सपर्यंत फिरणं पोचवणारा हा दांडा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि दोन टोकांना क्रॉसचे सांधे. तो नेहमी लांबच येतो. ज्याचा ट्रॅक्टर त्यानं आपल्या मापानं कापायचा असतो. कापला नाही, तर कटर वरखाली होताना नळ्या एकमेकींत पुरत्या शिरतात, पुढे जागा उरत नाही आणि मग गिअरबॉक्स तरी फुटतो किंवा ट्रॅक्टरच्या मागचं बेअरिंग तरी. जास्त कापला तर नळ्या एकमेकींना सोडून देतात. मी काटछाटीला घाबरणारा माणूस नाही; लेखकांचे परिच्छेदच्या परिच्छेद उडवलेत. पण तिथे कापलेलं पुन्हा जोडता येत असे. हॅकसॉ हातात घेऊन मी तीनदा माप घेतलं. तात्यांनी चौथ्यांदा घेतलं. दोन्ही नळ्यांतून सारखं कापलं, वरच्या प्लास्टिकच्या आवरणांतूनही तेवढंच, कानसीनं धार मारली आणि ग्रीस लावलं.

आणि इथे पुस्तिकेनं मला हरवलं. एका ओळीवर मी आदल्या दिवशी मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं: 'दोन्ही जू एका रेषेत ठेवावेत.' ट्रॅक्टरात जू कुठून आलं? भाषांतरकाराला झोप लागली असणार. ती ओळ मी गंमत म्हणून मोठ्यानं वाचली. तात्यांनी शाफ्टची दोन टोकं डोळ्यांसमोर धरली, सांध्याच्या दोन टोकांना जे दुबेळकं असतं ते न्याहाळलं आणि एक नळी पाव वळसा फिरवून पुन्हा आत घातली. आता दोन्ही दुबेळकी एकाच पातळीत आली.

"बराबर हाय की. जू सारखं नगं का?"

इंग्रजीत त्या दुबेळक्याला जूच म्हणतात. १३६ चुकांच्या पुस्तिकेत ही एक ओळ अक्षरशः खरी होती, आणि ती कळायला बैल जुंपलेला माणूस लागला. कारण मात्र मी नंतर वाचून काढलं. असा सांधा वाकून फिरतो तेव्हा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा रेंगाळतो. दुसरा सांधा पहिल्याशी सरळ रेषेत ठेवला, तर पहिला जिथे धावतो तिथे हा रेंगाळतो आणि हिशेब चुकता होतो. रेषा चुकली की दोघांचे दोष एकत्र होतात आणि सगळं यंत्र थरथरतं. या सांध्याला इंग्रज लोक रॉबर्ट हुकचं नाव देतात, युरोपात इतरत्र त्याच्या आधीच्या कार्दानोचं. १६६५ साली हुकचं सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या चित्रांचं पुस्तक लंडनला छापून आलं, आणि त्याच वर्षी या आमच्या पुरंदरच्या पायथ्याशी तह झाला. २३ किल्ले गेले त्या तहात. माझ्या बांधावरून गड दिसतो. शाफ्ट हातात धरून मी तिकडे थोडा वेळ बघत राहिलो, तेव्हा तात्यांना वाटलं, मला चक्कर आली.

ट्रॅक्टर चालू करण्याआधी तात्यांनी फांदीवरचं उपरणं आणखी लांबच्या झाडावर नेऊन टाकलं. हिला पदर खोचायला लावला आणि बांधाच्या पलीकडे उभं केलं. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचं टोक, ओढणी, पदर त्यात गेला तर हात सुटकेसाठी उचलेपर्यंत तो तुम्हाला गुंडाळून घेतो. तात्यांनी हे आकड्यांत सांगितलं नाही. पलीकडच्या वाडीतल्या कुणाचं तरी नुसतं नाव घेतलं आणि गप्प झाले. मळणीयंत्राचं होतं ते. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण कटकट होते म्हणून काढून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. मी ते नीट बसवलं आणि त्याची साखळीही अडकवली.

मग गवत. पहिली ओळ कापायला चार मिनिटं लागली. कटरची पाती काही वस्तऱ्यासारखी नसतात, कोयत्याच्या पाठीसारखी जाड असतात. काम वेग करतो. गिअरबॉक्स फेरे दीडपट करतो, पातं मधल्यापासून दोन फूट लांब. मी माहितीपुस्तिकेच्या पाठीवर गणित केलं तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर निघाला. आमच्या पुणे-सासवड रस्त्यावर एवढा वेग कधी होणार नाही. पाती पंख्याला घट्ट बसवलेली नसतात, बिजागरीवर झुलती असतात. दगड लागला की मागे दुमडतात आणि पुन्हा बाहेर येतात. पुरंदरात दगड पिकवावे लागत नाहीत, तेव्हा पाती फार वेळा दुमडली. तिसऱ्या ओळीत जुन्या बांधाचा एक मोठा धोंडा गवतात दडला होता. तिथे काडकन आवाज झाला आणि शाफ्ट नुसताच फिरू लागला. मला वाटलं, गेले पैसे. तुटला होता एक मऊ बोल्ट. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. कार्यालयांत असा एक माणूस असतोच. जास्तीचे दोन बोल्ट बरोबर दिलेले होते. तात्यांनी खूश होऊन स्वतः एक बसवला.

संध्याकाळपर्यंत सगळी बाग कापून झाली. दोन दिवस जोडणी, दीड तास कापणी. कापलेल्या गवताचा वास घरापर्यंत येत होता. त्यात माझं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं एक खुरपंही सापडलं, अर्थात तीन तुकड्यांत.

रात्री जेवून सदरा खुंटीला अडकवताना खिशात काहीतरी खुळखुळलं. किल्ली होती, आणि तिच्याबरोबर एक लॉक पीन.

माझं पाणी झालं. मुद्रितशोधकाला रात्री स्वप्नं पडतात ती अशीच: अंक छापून गेलेला असतो आणि टेबलावर एक सुटा अनुस्वार उरलेला असतो. कुठल्या पिनेची ही? सगळी बाग आपण हिच्यावाचून कापली? टॉप लिंक तर सुटी नव्हती? मी बॅटरी घेऊन बाहेर पडलो. ही मागून आली, पायात माझ्याच चपला. डावी पाहिली, लॉक पीन जागेवर. उजवी, जागेवर. टॉप लिंक, जागेवर. पुन्हा एकदा मोजल्या. तीनच लागतात, तीनही होत्या. हातातली चौथी.

तात्यांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ खोकला ऐकू आला.

"तात्या, माझ्या खिशात एक लॉक पीन निघालीय. इथल्या तिन्ही आहेत. ही कुठली?"

"माजी हाय ती," तात्या म्हणाले. "नांगराची. बांदावरनं उचाललीसा का तुमी? सांजंधरनं नांगर जोडाया बसलोय हितं."